वारीची पडशी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



या माघात आपल्या मंडळातील चौदाजणी पायी शेगावला निघणार आहेत. त्यांतल्या नऊजणींची ही पहिलीच पायी वारी. चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही चारदा जाऊन आलात, तेव्हा पिशवी कशी घ्यावी एवढ्याच विषयावर बोला." ऐकून मला प्रथम हसू आले. पिशवीवर का कुठे भाषण करतात? भक्तीवर बोलावे, नामावर बोलावे, निदान फराळावर तरी बोलावे! पण घरी जाऊन विचार केला, तेव्हा ध्यानात आले की माझ्या पहिल्या वारीत जे काही वाईट घडले, ते सारे एका पिशवीपायी घडले. म्हणून हा विषय मी मनापासून स्वीकारला आहे.

ती हकीकत आधी सांगते. आम्ही सहाजणी होतो. बरोबर गाडी नव्हती, सगळे सामान पाठीवर. मी माझ्या मुलाची कॉलेजची जुनी पिशवी घेतली. चार लुगडी, जाड गोधडी, स्टीलचा तीन पुडांचा डबा, तांब्याचा तांब्या, दोन किलो चिवडा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि वर दोन नारळ. निघताना घरच्यांनी विचारलेसुद्धा, "एवढे कशाला?" मी म्हणाले, "असू द्या, वाटेत लागते." भगिनींनो, "असू द्या" या दोन शब्दांइतके जड सामान जगात दुसरे नाही.

दारव्हा मागे पडले आणि कारंज्याच्या अलीकडे माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत बोटे बधिर झाली. हातातला पेला सुटून पडला. आमच्यात एक मावशी होत्या, वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी काही विचारले नाही. "दे वो माय इकडे. माहे खांदे कामाचे हायेत," असे म्हणून माझी पिशवी त्यांनी आपल्या पोटाशी अडकवली. त्यांची स्वतःची पाठीवर होतीच. मी नको नको म्हणाले, पण खरे सांगते, मनातून मला सुटल्यासारखे झाले. दोन दिवस त्या तशाच चालल्या. पोटावर मोठी पिशवी असली म्हणजे पायाखालची जमीन दिसत नाही. मूर्तिजापुराच्या पुढे डांबरी रस्त्याच्या कडेवरून त्यांचा पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. अकोल्यापर्यंत त्या कशाबशा आल्या. तिथे डॉक्टरांनी पुढे चालायला साफ मनाई केली. शेगाव दोन मुक्कामांवर राहिले होते. एस. टी.च्या खिडकीतून त्यांनी शेगावच्या दिशेला हात जोडले आणि त्या यवतमाळला परतल्या.

मूर्तिजापुरात एका धान्याच्या दुकानात मी माझी पिशवी तोलून पाहिली होती. साडेअकरा किलो! तेव्हा माझे वजन ५२ किलो होते. म्हणजे माझ्या अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे मी उचलले होते, आणि तेही सवय नसताना. मला दर्शन घडले. पण ज्यांनी माझे ओझे वाहिले, त्यांना घडले नाही. वारीत आपण जास्तीचे जे जे घेतो, ते शेवटी कोणाच्या तरी खांद्यावर जाते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. आता पुढे बोलते ते कामाच्या गोष्टींविषयी.

पहिली गोष्ट ही की आपण कोणत्या वाटेने, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत जाणार, हे ठरल्याशिवाय पिशवी घेऊ नये. चतुर्थीला यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला पायी जाणाऱ्या पुष्कळजणी इथे आहेत. ती वाट एका दिवसाची. तिला पाण्याची बाटली आणि खांद्यावरची झोळी पुरे. आर्णीवरून माहूरला जायचे तर अंतर पाऊणशे किलोमीटरच्या घरातले, तीनचार दिवसांचे. शेवटी गडाची चढण. तिथे पाठीवरची पिशवी हवी. शेगाव कारंजा, मूर्तिजापूर, अकोला या वाटेने दोनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आठ दिवसांची चाल. पूर्वी यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत आपली शकुंतला धावत असे. पाय दुखले तर त्या छोट्या गाडीत बसण्याची सोय होती. आता तीही गाडी धावत नाही.

सर्वांत लांबची वाट पंढरीची. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीमातेचे माहेर. तिथून निघणारी रुक्मिणीमातेची पालखी परंपरेने इ. स. १५९४ पासूनची सांगतात. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी जाताना सुमारे साडेसातशे किलोमीटर चालते आणि तिला महिन्याहून अधिक दिवस लागतात. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे आपल्या विदर्भातल्या वारकऱ्याला आळंदीकराच्या तिप्पट चालावे लागते. शिवाय आषाढी गाठायची तर महिनाभर आधी निघावे लागते, म्हणजे वऱ्हाडातले ऐन ऊन डोक्यावर घेऊन निघायचे आणि मराठवाड्यात पोचता पोचता पाऊस अंगावर घ्यायचा. त्या वारीची पिशवी उन्हाला आणि पावसाला सारखीच टिकणारी हवी. आपण मात्र महाराजांच्या प्रकटदिनासाठी जाणार. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, शेगावात प्रकट झाले. या दिवसांत दुपारी ऊन लागते आणि पहाटे हुडहुडी भरते. तेव्हा आपल्या पिशवीत एक शाल हवीच, आणि ती वरच्या वर हाताला यावी अशी हवी.

दुसरी गोष्ट ओझ्याची. सवय नसलेल्या माणसाने रोज मैलोगणती चालताना आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकेच ओझे पाठीवर घ्यावे, असा ठोकताळा पायी यात्रा करणारे सर्वत्र मानतात. स्पेन देशात सांतियागो येथे ख्रिस्ती संताच्या समाधीला लोक पायी जातात. फ्रान्सच्या हद्दीतून निघणारी त्यांची प्रसिद्ध वाट पावणेआठशे किलोमीटरांच्या सुमाराची, म्हणजे आपल्या शेगाव-पंढरपूरएवढीच. तिथल्या यात्रेकरूंनाही जाणती माणसे हाच दहाव्या हिश्शाचा सल्ला देतात. देश वेगळा, देव वेगळा, पण खांदे सगळीकडे सारखेच!

हा हिशोब घरच्या घरी कसा बसतो, ते मी वजनकाट्यावर करून पाहिले. रिकामी पिशवी ८०० ग्रॅम. एक लिटर पाणी म्हणजे १ किलो. बदलाची एक हलकी साडी, परकर, पोलके व आतले कपडे मिळून ८०० ग्रॅम. रात्रीचा गाऊन २५० ग्रॅम. पंचा १५० ग्रॅम. शाल ५०० ग्रॅम. साबण, मंजन, तेल, कंगवा २५० ग्रॅम. औषधे २०० ग्रॅम. फोन, त्याचा चार्जर आणि विजेरी ४०० ग्रॅम. वाटेचे खाणे ४०० ग्रॅम. प्लॅस्टिकचे पांघरूण व आतली पिशवी ३५० ग्रॅम. रबरी चपला ३०० ग्रॅम. एकूण झाले ५ किलो ४०० ग्रॅम. ज्या बाईचे वजन ५५ किलो आहे, तिला हे जेमतेम बसले. म्हणजे यात एक तांब्याही वाढवायला जागा नाही. कोणी म्हणेल, एकच साडी बदलायला कशी पुरेल? मुक्कामाला पोचल्याबरोबर अंगावरची धुवावी आणि दोरीवर टाकावी. हलकी साडी सकाळपर्यंत वाळते. जाड सुती लुगडे वाळत नाही, आणि ओले लुगडे पाठीवर घेणे म्हणजे अर्धी घागर घेण्यासारखे आहे.

सतरंजी आणि पांघरूण या वर्षी टेंपोत जाणार आहे, ही मोठी सोय झाली. पण टेंपोच्या भरवशावर सगळेच सोडू नये. गाडी कधी पुढे जाते, कधी चिखलात अडते, कधी भलत्याच धर्मशाळेत जाऊन थांबते. आजची औषधे, आजचे पाणी, शाल आणि पैसे हे आपल्या अंगावरच असले पाहिजे.

तिसरी गोष्ट पिशवीच्या जातीची. आपल्याकडे जुने वारकरी पडशी वापरीत. दोन तोंडांची, खांद्यावर टाकली की अर्धी पुढे आणि अर्धी मागे. तिच्यात शहाणपण होते. पुढचे व मागचे वजन सारखे, त्यामुळे माणूस वाकत नसे. पण सगळा भार एका खांद्यावर. जेव्हा सामान म्हणजे एक धोतर आणि मूठभर पीठ असे, तेव्हा ती पुरे. आपल्या बायकांची रीत डोक्यावरून नेण्याची. चुंबळ ठेवून त्यावर दोन हंडे घेऊन सरळ चालणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत, कित्येकींनी स्वतः पाणी वाहिले आहे. केनियातील बायकांवर शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १९८६ साली असे प्रसिद्ध केले, की लहानपणापासून सवय असलेल्या त्या बाया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे डोक्यावर घेऊन चालल्या, तरी त्यांना रिकाम्या चालण्याहून जास्त शक्ती खर्चावी लागली नाही. तेव्हा आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. पण ही सवय आयुष्यभराची असते. वयाच्या पन्नाशीत, आठ दिवसांसाठी, मोटारींच्या रस्त्यावरून ती आणता येत नाही. वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन शोभते. बोचके शोभत नाही आणि मानेला सोसतही नाही.

म्हणून दोन्ही खांद्यांवर बसणारी पाठपिशवी घ्यावी. मुले तिला सॅक म्हणतात. ती किती मोठी असावी? ही पिशवी लिटरवर मोजतात. सतरंजी टेंपोत जाणार असेल तर २० ते २५ लिटरची पुरे. सगळेच पाठीवर न्यायचे असेल तर ३५ ते ४०. त्याहून मोठी घेऊ नये. रिकामी जागा बाईच्या जातीला बघवत नाही. पिशवीत कोपरा उरला की त्यात काहीतरी जाऊन बसते. मोठी पिशवी अर्धी भरून नेईन असे म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही, आणि मीही ती नव्हे.

आता दुकानात काय पाहावे, ते क्रमाने सांगते.

सर्वांत आधी कमरेचा पट्टा पाहावा. पुष्कळ बायांना वाटते की पाठपिशवी खांद्यांनी उचलायची असते. तसे नाही. चांगल्या पिशवीला कमरेभोवती रुंद, मऊ पट्टा असतो. तो कमरेच्या हाडांवर नीट बसवला म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून उतरून कमरेवर आणि पायांवर जातो. आपण लेकराला कडेवर घेतो ते कमरेच्या हाडावर टेकवून. तेच हे तत्त्व. माझ्या पहिल्या पिशवीला हा पट्टाच नव्हता, आणि खांद्याचे बंद दोन बोटे रुंदीचे, दोरीसारखे पीळ पडणारे. सारा भार त्या बंदांनी काखेजवळच्या शिरांवर आणला म्हणून हात बधिर झाला. बोटांना मुंग्या आल्या की ती सूचना समजावी. तिथेच थांबून बंद सैल करावे, ओझे कमी करावे. नामस्मरण करीत तसेच पुढे रेटू नये.

पट्ट्यानंतर खांद्याचे बंद. ते चार बोटे रुंद आणि आत मऊ भरलेले असावेत. बायकांचे खांदे पुरुषांपेक्षा अरुंद असतात. पुरुषी मापाचे बंद बाहेर घसरतात आणि मग आपण दिवसभर खांदे उचलून धरतो. रात्री मान धरते ती यामुळे. छातीवर दोन बंदांना जोडणारी एक बारीक पट्टी असते. ती असेल तर बंद घसरत नाहीत. मात्र ती वरखाली सरकणारी हवी, म्हणजे प्रत्येकीला आपल्या सोयीच्या जागी बसवता येते.

त्यानंतर पाठीची लांबी. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड हाताला लागते. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत मैत्रिणीकडून टेपने माप घ्यावे. पिशवीचे खांद्याचे बंद जिथे शिवलेले असतात तिथपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंतचे अंतर या मापाशी जुळले पाहिजे. उंच बाईला आखूड पिशवी घेतली तर पट्टा पोटावर येतो, आणि ठेंगणीला लांब घेतली तर तो मांड्यांवर आपटतो. शिंप्याकडे पोलके टाकताना आपण अर्ध्या बोटासाठी भांडतो. मग ज्या वस्तूबरोबर दोनशे किलोमीटर चालायचे, ती न मापता कशी घ्यावी?

त्यानंतर शिवण. बंद जिथे पिशवीला जोडलेले असतात तिथे बोटाने ओढून पाहावे. तिथे आडवी-उभी दाट टीप हवी. पिशवी फाटते ती बहुधा इथेच. चेन मोठ्या दातांची असावी, एका हाताने उघडावी. कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे हलके असावे. कॅनव्हास मजबूत खरा, पण मुळातच जड, आणि भिजला की आणखी जड होतो व लवकर वाळत नाही.

दुकानदाराला रिकामी पिशवी चढवून दाखवण्याची हौस असते. रिकामी पिशवी सगळ्यांनाच शोभते. आपण घरून दोन-अडीच किलोच्या ज्वारीच्या दोन पिशव्या न्याव्यात, त्या आत घालाव्यात आणि दुकानात दहा मिनिटे फिरावे. जिना असेल तर चढून उतरावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. तो शेगावला येणार नाही. आपण जाणार आहोत. आणि जी साडी किंवा सलवार-कमीज नेसून चालणार, तीच नेसून दुकानात जावे. याचे कारण फक्त आपल्यालाच कळण्यासारखे आहे. कमरेच्या पट्ट्याखाली निऱ्यांचा गठ्ठा आणि परकराच्या नाडीची गाठ आली, तर संध्याकाळपर्यंत तिथे कातडी सोलते. वर्धा येथील आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली असे रुग्ण प्रसिद्ध केले, की वर्षानुवर्षे घट्ट नाडी काचून कमरेला न भरणारी जखम झाली आणि पुढे तिचा कातडीचा कर्करोग झाला. असे क्वचितच होते, भिण्याचे कारण नाही. पण नाडीचा काच आधीच असतो, त्यावर पिशवीचा पट्टा आणखी दाबू नये. वारीसाठी नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवून घ्यावा, गाठ बाजूला घ्यावी आणि निऱ्या पट्ट्याच्या खाली मोकळ्या सोडाव्यात. पदर आधी खोचून मग पिशवी चढवावी. मंगळसूत्र बंदाखाली अडकत नाही ना, पोलक्याची खांद्याची शिवण बंदाखाली येत नाही ना, हेही पाहावे.

ज्यांना बाजारची पिशवी परवडत नाही किंवा मापाची मिळत नाही, त्यांनी आपल्या शिवणवर्गात या. ४५ सेंटिमीटर उंच, २८ रुंद आणि १६ खोल अशी पिशवी शिवली तर ती २० लिटरची होते. बंद सात सेंटिमीटर रुंद, आत एक सेंटिमीटर जाडीचा फोम. पाठीच्या बाजूलाही फोमचा पातळ थर. कमरेला दहा सेंटिमीटर रुंदीचा भरलेला पट्टा आणि पुढे बाजारात मिळते ते प्लॅस्टिकचे बक्कल. बंदांच्या मुळाशी चौकोन शिवून त्यात फुली मारावी. माझी आताची पिशवी घरचीच आहे. तिसऱ्या वारीला ती मी शिवली आणि अजून तिचा टाका उसवलेला नाही.

चौथी गोष्ट भरण्याची. जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यावर ठेवाव्यात. हलके कपडे खाली आणि बाहेरच्या बाजूला. मी जड डबा तळाशी आणि बाहेर ठेवला होता, म्हणून पिशवी मला मागे ओढत होती आणि मी पुढे वाकून चालत होते. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळे सामान ठेवावे आणि तोंड पिळून बांधावे. बाहेरून झाकणारे आवरण मिळते, पण पाठीकडून पाणी आत जातेच. माघातही आपल्याकडे एखादी सर आणि गारा येतात, हे शेतकऱ्याच्या घरच्या बायांना मी सांगायला नको. शाल, पाणी आणि खाणे वर ठेवावे. पैसे पिशवीत ठेवू नयेत. ते आतल्या कापडी बटव्यात, अंगाशी.

औषधांची दोन पुडकी करावीत. एक आपल्यापाशी आणि एक मैत्रिणीपाशी, म्हणजे एक पिशवी हरवली तरी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चुकत नाही. साखरेचे इंजेक्शन वा गोळी घेणाऱ्यांनी खडीसाखर बाहेरच्या कप्प्यात ठेवावी. पाळी येण्याचा संभव असेल त्यांनी लागणाऱ्या घड्या आणि वापरलेल्यासाठी वेगळी बंद पिशवी न लाजता बरोबर घ्यावी. ज्यांचे अंग बाहेर येते, किंवा गर्भपिशवीचे वा पोटाचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठीवर ओझे घेऊच नये. ही दुखणी आपण लपवतो. वारीच्या तिसऱ्या दिवशी ती लपत नाहीत. अशा भगिनींचे सामान टेंपोत जाईल, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक लहानशी युक्ती. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री ढिगाने पिशव्या पडतात आणि सगळ्या काळ्या किंवा निळ्या. आपल्या पिशवीला आपल्या जुन्या साडीचे एक ठिगळ शिवावे. आपली साडी बाई अंधारातही ओळखते. आत घरच्या फोनचा क्रमांक शिवून ठेवावा.

शेवटी तीन सूचना मांडते. बैठकीत त्यांचा विचार व्हावा. पहिली अशी, की प्रत्येकीने एकेक वस्तू घेण्याऐवजी चौघीचौघींचा गट करावा. गटात तेलाची बाटली एक, सुईदोरा एक, कात्री एक, मलमपट्टीचा डबा एक, चार्जर एक. चौघींनी मिळून वाहिले म्हणजे प्रत्येकीचे ओझे निदान पाव-अर्धा किलो कमी होते. दुसरी अशी, की निघण्याच्या महिनाभर आधीपासून दर रविवारी भरलेली पिशवी घेऊन चालण्याचा सराव करावा. पहिल्या रविवारी पाच किलोमीटर, शेवटच्या रविवारी कळंबपर्यंत. पिशवी कुठे काचते, बूट कुठे चावतो, हे यवतमाळच्या जवळ कळावे. कारंज्याला कळून उपयोग नाही.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मंडळात वजनकाटा ठेवावा आणि प्रत्येकीची पिशवी सर्वांसमोर तोलावी. दहाव्या हिश्शाहून जास्त भरली तर तिथेच उघडावी आणि मैत्रिणींनी सांगावे ते बाहेर काढावे. काढलेले सामान मंडळाच्या कपाटात सुरक्षित राहील. यात कोणी रुसू नये. पहिली पिशवी माझी तोलावी.

त्या मावशींचे नाव मी घेतले नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. त्यांचा गुडघा पुढे पूर्ववत झाला नाही आणि पायी वारी पुन्हा घडली नाही. मी क्षमा मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू जाऊन आली ना, मंग झालं." त्यांच्या मनात काही नव्हते, पण माझ्या मनातून ते जात नाही. दर वर्षी पिशवी भरताना मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारते, हे माझ्याने न झाले तर कोण वाहील? उत्तर मिळेपर्यंत ती वस्तू खाली राहते, आणि बहुतेक खालीच राहते.

या वर्षी चौदाजणी निघाव्यात आणि चौदाहीजणी शेगावला पोचाव्यात, एवढीच महाराजांच्या चरणी प्रार्थना करते. 

गण गण गणात बोते.